साडेतीन लिटर, दर पावणेपस्तीस: दूध यंत्रासाठी दशांश लायब्ररी निवडताना

आमचं यंत्र छोटंसं आहे. गावच्या डेअरीत टेबलाच्या कोपऱ्यावर बसतं. एका बाजूने त्याला इलेक्ट्रॉनिक काट्याची वायर, दुसऱ्या बाजूने फॅट मशीनची, आणि पोटातच थर्मल प्रिंटर. शेतकऱ्याने किटली ओतली, नमुना घेतला, की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर आणि रक्कम असलेली चिठ्ठी बाहेर येते. आत जी चिप आहे ती एसटीएम३२एफ१०३, म्हणजे प्रोग्रॅम साठवायला ६४ केबी फ्लॅश आणि चालू कामाला २० केबी रॅम. आजच्या मोबाइलवाल्यांना हे आकडे वाचून हसू येईल, पण या किमतीच्या यंत्रात हेच मिळतं आणि एरवी पुरतंही.

आमच्याकडे ते पुरत नाही याचं एक कारण बेळगाव जिल्हा. खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात चिठ्ठी मराठीतही लागते आणि कन्नडातही. जोडाक्षरं आणि कन्नडातले ओत्तू, म्हणजे अक्षराखाली जोडायची अक्षरं, नीट जुळवून छापायची ताकद या चिपमध्ये नाही, म्हणून 'सकाळ', 'सांज', 'एकूण', 'कपात' असे शब्द दोन्ही लिप्यांत अख्खेच्या अख्खे चित्र म्हणून साठवावे लागतात. ती चित्रंच फ्लॅशचा मोठा घास घेतात. म्हणून हिशेबासाठी दशांश लायब्ररी, म्हणजे टिंबाचे आकडे वहीसारखे दहाच्या घरांत मोजणारा तयार कोड, घ्यायचं ठरलं तेव्हा उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न अचूकतेचा निघालाच नाही. 'किती केबी खाणार?' एवढंच सगळ्यांनी विचारलं.

लायब्ररी मुळात हवी कशाला, ते आधी सांगते. जुन्या प्रोग्रॅममध्ये सगळा पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये, म्हणजे टिंबाचे आकडे ठेवायच्या संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीत, होता. तो आमच्या आधीच्या टीमने लिहिला होता आणि बरीच वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग खानापूर तालुक्यातल्या एका डेअरीच्या सेक्रेटरींनी बोलावून घेतलं. हा माणूस यंत्र आल्यावरही वही सोडायला तयार नव्हता. रोजची चिठ्ठी वहीशी ताडून बघायचा. मी गेले तेव्हा त्यांनी पान उघडून बोट ठेवलं.

"ताई, हे बगा. साडेतीन लिटर, दर पावणेपस्तीस. माझं येतंय एकशेएकवीस त्रेसष्ट. तुमचं मशीन बासष्ट म्हणतंय. मशीनला पाढे येत नाहीत की काय?"

"एका पैशाचा फरक आहे, अण्णा."

"एका चिठ्ठीत एक पैसा. चिठ्ठ्या किती निघत्यात ते बगा की ओ. आणि पाचच्या पुढं वर जातंय, हे शाळंत शिकिवलंय."

३.५ गुणिले ३४.७५ म्हणजे १२१.६२५. ऑफिसात परत येताना मी मनात निकाल लावूनच टाकला होता की हा फ्लोटचा नेहमीचा रोग. संगणक आकडे दोनच्या घातांत ठेवतो, त्यात ०.१ कधीच नेमका बसत नाही, हे कॉलेजात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण कागदावर मांडून बघितलं तर १२१.६२५ हा आकडा दोनच्या घातांत अगदी बरोबर बसतो, कारण .६२५ म्हणजे पाच अष्टमांश. इथे फ्लोट निर्दोष होता. फरक पडला तो छापताना. प्रिंटफ, म्हणजे आकडा छापणारं फंक्शन, दोन दशांशांपर्यंत आकडा आणतं तेव्हा बरोबर मध्यावर आलेली रक्कम ते जवळच्या सम अंकाकडे ढकलतं. बासष्ट सम, म्हणून १२१.६२. या पद्धतीला बँकर्स राउंडिंग म्हणतात आणि मोठ्या बेरजांमध्ये तिचा कल कुठल्याच बाजूला झुकत नाही म्हणून ती चांगली समजतात. अण्णांच्या शाळेत मात्र पाच आला की वर. आणि आपला कायदाही शाळेच्याच बाजूचा आहे: जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये कर रुपयात आणताना पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा, असं लिहिलं आहे.

म्हणजे नुसती दशांश लायब्ररी आणून बसवली असती तरी ही तक्रार जागच्या जागी राहिली असती, कारण बऱ्याच लायब्ररींचा मूळ नियमही सम अंकाकडचाच असतो. हे लक्षात आल्यावर मी लायब्ररीचा शोध थांबवला आणि आधी यंत्रातली पैशाची सगळी वाट तपासली. कुठे आकडा आत येतो, कुठे गुणला जातो, कुठे कापला जातो.

फ्लोट निर्दोष नसलेल्या जागाही सापडल्या, आणि त्या जास्त गंभीर होत्या.

पहिली काट्याजवळच. काटा वायरवरून आकडा पाठवतो तो अक्षरांत: शून्य, शून्य, चार, टिंब, तीन, पाच. म्हणजे तो मुळात दशांशच असतो, अगदी शुद्ध. आमचा जुना प्रोग्रॅम त्याचं लगेच फ्लोट करायचा आणि मग लिटरचे शंभरांश काढायला शंभराने गुणून पुढचा भाग छाटायचा. आता ४.३५ गुणिले १०० हे कुठल्याही लॅपटॉपवर डबलमध्ये (६४ बिटांच्या फ्लोटमध्ये) करून बघा, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. छाटलं की ४३४. यंत्रात प्रकार थोडा वेगळा, कारण तिथे ३२ बिटांचा फ्लोट होता आणि कुठले आकडे फसतात ती यादी बदलते, पण रोग तोच. दहा मिलिलिटर दूध वायर आणि चिप यांच्यामध्ये सांडतं, आणि कुणाला दिसत नाही.

दुसरी जागा दहा दिवसांच्या बिलाची. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये अचूकता साधारण सात अंकांची. गावची दहा दिवसांची एकूण रक्कम सहज दोन-तीन लाखांत जाते. १,३१,०७२ म्हणजे दोनचा सतरावा घात. त्याच्या पुढे फ्लोटमधल्या लागोपाठच्या दोन आकड्यांत १/६४ रुपयाचं अंतर असतं. म्हणजे दीड पैशाहून जास्त. एक पैसा मिळवायला गेलात तर दीड पैशाहून जास्त मिळतो.

हे १/६४ दिसलं तेव्हा मला खरं तर हसू आलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे बरोबर चौसष्ट पैसे. आमचं यंत्र लाखाच्या पुढे गेलं की जुन्या पैशात हिशेब करत होतं! २,६२,१४४ ओलांडले की अंतर १/३२ होतं, म्हणजे ढब्बू पैसा. आजोबांच्या पिढीने पाठ केलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, औटकी या सगळ्या पाढ्यांतले अपूर्णांक दोनच्या घातांतले आहेत आणि फ्लोटमध्ये ते तंतोतंत बसतात. आण्यांच्या काळात संगणक असता तर आणे-पैशांपर्यंत दशांश लायब्ररीची गरजच पडली नसती. फक्त पैने घात केला असता, कारण पैशाच्या पै तीन, आणि तिनाशी फ्लोटचं जमत नाही. असो.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचा फ्लोटशी संबंधच नाही. फॅट मशीन सगळीकडे नसतं. बऱ्याच ठिकाणी फॅट वेगळी काढतात, लॅक्टोमीटरची डिग्री वेगळी बघतात आणि एसएनएफ सूत्राने काढतात. आमच्या यंत्रात असलेलं सूत्र असं: डिग्री भागिले ४, अधिक ०.२१ गुणिले फॅट, अधिक ०.३६. समजा डिग्री २९ आणि फॅट ३.५, गाईचं अगदी रोजचं दूध. ७.२५ अधिक ०.७३५ अधिक ०.३६, झाले ८.३४५. दरपत्रकात एसएनएफ एकाच दशांशाचं असतं. सरळ एका दशांशावर आणलं तर ८.३. पण जुन्या प्रोग्रॅमने आधी पडद्यावर दाखवायला दोन दशांशांवर आणलेलं ८.३५ जपून ठेवलं होतं, आणि दरपत्रकात शोधताना त्याच आकड्याला पुन्हा राउंड केलं: ८.४. दरपत्रकात एक घर सरकलं की लिटरमागे दर बदलतो. एका पैशावरून अण्णांनी मला गावात बोलावलं होतं, आणि इथे अख्ख्या लिटरचा भाव बदलत होता. जगातली सर्वांत अचूक लायब्ररी दिली तरी ती हे दोनदा राउंड करणं मुकाट्याने करून देईल.

राउंड कुठे आणि कसं करायचं याची किंमत काय असते, याचं जुनं उदाहरण व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराचं आहे. तिथे १९८२ साली १००० पासून निर्देशांक सुरू केला आणि प्रत्येक व्यवहारानंतर तिसऱ्या दशांशापुढचं छाटून टाकत गेले. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. नीट हिशेब केला तेव्हा १०९८.८९२ निघाला. छाटण्यातला कण प्रत्येक वेळी एकाच बाजूला जातो, आणि साचत राहतो.

मग मी डेअऱ्यांकडे गेले, आणि पलीकडे चंदगड भागातल्या दोन-तीन ठिकाणीही, कारण यंत्रं तिकडेही आहेत. सीमेच्या या अंगाला आणि त्या अंगाला दूध तेच, म्हशी त्याच, पण हिशेबाच्या रीती निराळ्या. कुणी प्रत्येक चिठ्ठी पैशात राउंड करतं आणि बिल म्हणजे चिठ्ठ्यांची बेरीज. कुणी चिठ्ठीवर पैसे दाखवतं पण आत तीन-चार दशांश तसेच ठेवून बिलालाच राउंड करतं. काट्यावर किलो येत असतील तर १.०३ ने भागून लिटर करतात, आणि हा भागाकार बहुतेक वेळा सुटत नाही: ४.४८ भागिले १.०३ म्हणजे ४.३४९५ आणि पुढे. राउंड केलं तर ४.३५, छाटलं तर ४.३४. एका ठिकाणी छाटतात आणि शेतकऱ्यांनाही ते माहीत आहे, कुणाची तक्रार नाही. मी प्रत्येक सेक्रेटरीला वहीतली चालू पानं मागितली, फोटो काढले, आणि कुठे राउंड, कसं राउंड, याचा एकेका डेअरीचा तक्ता केला. लायब्ररी निवडण्याच्या कामात सर्वांत जास्त वेळ यात गेला आणि तो योग्य जागी गेला असं माझं मत आहे.

तक्ता हातात आल्यावर मागणी एकदम लहान झाली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, तुलना, ठरलेल्या दशांशावर आणणं, अक्षरांतून आकडा आणि आकड्यातून अक्षरं. राउंड करण्याचे निदान तीन प्रकार, आणि ते चालू कामात बदलता यायला हवेत. अंक अठरा पुरे. लॉगॅरिदम नको, वर्गमूळ नको. आणि मॅलॉक नको, कारण आमच्या यंत्रात मेमरी मागून घ्यायची सोयच ठेवलेली नाही. महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या यंत्रात ती नसलेलीच बरी.

आमच्या ऑफिसातल्या पोराने लगेच सुचवलं, "मॅडम, लायब्ररीच कशाला? पैशात पूर्णांक ठेवू, ६४ बिटांचा. विषय संपला." सल्ला वाईट नाही. नुसतं दुकानाचं बिल असतं तर मी तेच केलं असतं. पण आमच्याकडे लिटर दोन दशांशांचे, काही काटे तीन दशांशांचे, फॅट कुठे एक कुठे दोन, एसएनएफ मधल्या पायरीवर तीन, दर दोन, कमिशन टक्क्यांत. पूर्णांक वापरले तर कुठल्या आकड्याला कितीने गुणून ठेवलंय हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने डोक्यात ठेवायचं. उद्या एखाद्या संघाने फॅट दोन दशांशांत घ्यायचं ठरवलं की दहा ठिकाणी दहाचे शंभर करायचे, आणि एक राहिलं की दहापट बिल. दशांश आकडा स्वतःचं टिंब स्वतःजवळ बाळगतो, मला तेवढंच हवं होतं.

इंटेलची दशांश लायब्ररी मी बघितली आणि पटकन बाजूला ठेवली. आयईईई ७५४ या संगणकातल्या आकड्यांच्या प्रमाण नियमांच्या २००८ च्या आवृत्तीत दशांश आकड्यांचे प्रकार आले: ७, १६ आणि ३४ अंकांचे. ते साठवायच्या दोन पद्धती आहेत, आणि इंटेलची पद्धत अंकांचा अख्खा पूर्णांक बायनरीत ठेवते. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ती पळते, पण तिच्यातले तक्तेच इतके आहेत की आमच्या चिपसमोर त्यांचं नावही काढू नये. दुसरी पद्धत तीन अंक दहा बिटांत दाबून बसवते. ती सुबक आहे, पण उलगडायला पुन्हा दोन-चार केबींचे तक्ते लागतात.

एलआयबीएमपीडेक ही स्टेफान क्राहची लायब्ररी, पायथनच्या ३.३ आवृत्तीपासून त्याच्या डेसिमल मॉड्यूलच्या पोटात हीच आहे. ३२ बिटांवर एका शब्दात नऊ अंक, ६४ बिटांवर एकोणीस. हजारो-लाखो अंकांचे गुणाकारही ती झटपट करते. आम्हाला हजारो अंक नकोत, आणि तिचा सगळा कल मेमरी मागून घेण्याकडे. यंत्रासाठी नको, पण ऑफिसच्या सर्व्हरसाठी मनात नोंद करून ठेवली.

राहिली डेकनंबर. रेक्स भाषा करणाऱ्या माइक काउलिशॉ यांनी आयबीएममध्ये असताना साध्या सी मध्ये लिहिलेली, मोकळ्या परवान्याची. हिच्यातले ठरावीक मापाचे प्रकार मी घेतले नाहीत, कारण त्यांना ते दाबलेल्या अंकांचे तक्ते लागतात. मूळ मॉड्यूलला लागत नाहीत. दोनच फाइली मुख्य: एक आकड्यांची, एक संदर्भाची, म्हणजे अंक किती आणि राउंडिंग कसं या सेटिंगची. आकड्यांची फाइल हजारो ओळींची आहे आणि बघून छाती दडपते, पण कंपाइल करताना प्रत्येक फंक्शन वेगळ्या कप्प्यात ठेवायला आणि लिंक करताना न वापरलेले कप्पे टाकायला सांगितलं की घातांक, लॉगॅरिदम वगैरे सगळं गळून पडतं.

आता जागेचा मजेशीर भाग. प्रिंटफमध्ये फ्लोट छापायची सोय वेगळी जोडावी लागते, आणि ती, तिच्यासोबत येणारं फ्लोटचं गणित (या चिपमध्ये फ्लोटचं हार्डवेअर नाही, सगळं सॉफ्टवेअरने), असं मिळून फ्लॅशमध्ये बरीच जागा अडवून बसलं होतं. प्रोग्रॅममधून फ्लोटचा शेवटचा वापर काढला तसं ते सगळं बाहेर गेलं. डेकनंबरचं भाडं बऱ्यापैकी त्यातूनच सुटलं. 'किती केबी खाणार?' या प्रश्नाचं उत्तर शोधताना आधीचं बिऱ्हाड किती खात होतं हे कुणी मोजलंच नव्हतं.

बसवताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं लागलं. एकेका घरात किती अंक ठेवायचे ते कंपाइल करताना ठरवता येतं, एकपासून नऊपर्यंत. मूळचं तीन आहे, मी तीनच ठेवलं. अठरा अंकांचा एक आकडा २४ बाइटांत मावतो. दुसरी, संदर्भ. बेस प्रकारचा संदर्भ घेतला तर राउंडिंग अण्णांच्या शाळेचं मिळतं, पाचला वर, पण अंक फक्त नऊ. लाखाच्या बेरजेत चार दशांश ठेवले की दहा अंक होतात, आणि दहावा अंक ती गुपचूप राउंड करून मोकळी होते. म्हणून अंक स्वतः अठरा लिहायचे. ६४ बिटांच्या दशांश प्रकारचा संदर्भ घेतला तर अंक सोळा मिळतात पण राउंडिंग सम अंकाकडचं. कागदपत्रं न वाचता नमुन्यातला कोड उचलणाऱ्याला दोन्हीकडे खड्डा आहे.

तिसरी गोष्ट सापळ्यांची. बेस संदर्भात चुकीच्या आकड्यावर सिग्नल उठवायची सोय आधीपासून चालू असते. काट्याची वायर सैल झाली आणि आकड्याऐवजी कचरा आला, की लायब्ररी सिग्नल उठवते, आणि आमच्यासारख्या ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या यंत्रात सिग्नल म्हणजे यंत्र जागच्या जागी गोठणं. सकाळी सहाला रांग लागलेली असताना हे परवडत नाही. सापळ्यांची किंमत शून्य केली की ती फक्त खूण नोंदवते आणि उत्तर 'आकडा नाही' असं देते. मग आपण खूण बघायची आणि पडद्यावर 'काटा तपासा' दाखवायचं.

याच खुणांचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो तपासणीत. कुठल्याही क्रियेत अंक हरवला तर लायब्ररी 'इनएक्झॅक्ट' ही खूण लावते. तपासणीच्या आवृत्तीत मी नियम घातला: बेरीज, वजाबाकी, गुणाकारानंतर ही खूण दिसली तर यंत्राने लाल दिवा लावून थांबायचं. अंक हरवायची परवानगी दोघांनाच, भागाकाराला आणि 'क्वांटाइझ' ला, म्हणजे ठरलेल्या दशांशावर आणणाऱ्या फंक्शनला. आणि तेही डेअरीच्या तक्त्यात लिहिलेल्या जागीच. अशाने दोनदा राउंड होण्याची जागा लपून राहू शकत नाही.

वेगाबद्दल फार चर्चा झाली आणि ती वाया गेली. चिप ७२ मेगाहर्ट्झची, भागाकाराची सूचना तिच्यात आहे. दूध ओतायला, फेस बसायला, काटा स्थिर व्हायला काही सेकंद जातात, प्रिंटर त्याहून रेंगाळतो. एका चिठ्ठीमागे मोजक्या दशांश क्रिया. त्या फ्लोटपेक्षा हळू आहेत की जलद, हे किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कळण्याचा प्रश्नच नाही.

शेवटी डेकनंबरच्या बाजूने जे पारडं झुकलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. काउलिशॉ यांनी दशांश अंकगणिताचं एक सविस्तर विनिर्देशन लिहिलं आहे, आणि पायथनचं डेसिमल मॉड्यूलही त्याच विनिर्देशनावर उभं आहे. तपासणीच्या डेकटेस्ट फाइलीसुद्धा दोघांकडे त्याच. आमचा सर्व्हर पायथनमध्ये आहे. म्हणजे गावातल्या यंत्रात आणि बेळगावच्या ऑफिसात अंकांची संख्या आणि राउंडिंग एकच लिहिलं, तर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत एकच. वजा रकमांसकट. ही वजा रकमेची बाब किरकोळ वाटते, पण चुकीची चिठ्ठी रद्द करताना वजा रक्कम येते, आणि जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड वजा अडीचचे वजा दोन करतं, तर आपला नियम वजा तीन करतो. रद्द केलेली चिठ्ठी मूळ चिठ्ठीला पुरी खाऊन टाकत नसेल तर वहीवाले लगेच ओळखतात.

सर्व्हरकडे दोन पथ्यं पाळली. पायथनमध्ये दशांश आकडा अवतरण चिन्हांतल्या अक्षरांतूनच बनवायचा. फ्लोटमधून बनवला तर फ्लोटमधली घाण जशीच्या तशी सोबत येते. आणि यंत्राकडून सर्व्हरला, सर्व्हरकडून मोबाइलला रक्कम जाते ती अक्षरांत. जेसनमध्ये उघडा आकडा पाठवला की ब्राउझर त्याचा डबल करून टाकतो. मोबाइलवर आम्ही काहीच गुणत नाही, आलेलं फक्त दाखवतो, त्यामुळे तिथे बिग जेएस वगैरे कुठली लायब्ररी घ्यायची हा वादच मिटला. डेअरीतल्या पीसीवर एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे. त्यात रकान्याला डेसिमल नाव दिलं तरी आत टिंबाचा आकडा फ्लोट म्हणूनच बसतो, हे फार लोकांना माहीत नसतं. तिथे राउंड होऊन पक्की झालेली रक्कम आम्ही पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवतो. पोराचा सल्ला असा अर्धा कामी आला.

मग अण्णांच्या वहीतली जुनी पानं यंत्रात भरली. फोटो बघून एकेक ओळ, दोघांनी मिळून: एक वाचणार, एक टाइप करणार. बहुतेक ओळी जुळल्या. जिथे जुळल्या नाहीत तिथे वहीतच चूक असल्याचं अण्णांनी स्वतः मान्य केलं, तेही दोनदा गुणून बघितल्यावर. एका ठिकाणी त्यांनी आडवा गुणाकार करून दाखवला आणि म्हणाले, "आता येतंय बगा बरोबर. पण वही मी सोडणार न्हाई." सोडू नये, असं मलाही वाटतं.

नवीन प्रोग्रॅम आता बहुतेक यंत्रांवर गेला आहे. प्रत्येक डेअरीचं राउंडिंग सेटिंगमधल्या एका ओळीत असतं, आणि ती ओळ बदलायला सेक्रेटरी आणि कमिटीची सही असलेला कागद लागतो, हे आम्ही हट्टाने ठेवलं. चंदगड भागातल्या छाटणाऱ्या डेअरीसाठी तिथे 'छाटा' लिहिलं आहे. बिलाला राउंड करणाऱ्यांकडे चिठ्ठ्यांची बेरीज आणि बिल यात काही पैशांचा फरक येतो, तो 'फरक खाते' म्हणून खाली वेगळा छापतो, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येतो.

सध्या काम चालू आहे ते पेंडीच्या उचलीवरच्या व्याजाचं. ३६५ ने भाग जाणार, हे ठरलं आहे. उचल दिली तो दिवस धरायचा की परत आली तो, यावर एका गावात कमिटीच्या दोन बैठका झाल्या आणि तिसरी पुढच्या आठवड्यात आहे.